चिमणीचा राहिलेला डोळा

आपल्या संस्थेचे आणि आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय प्रेमराज नाना, धुळ्याहून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे रतिलालभाऊ, जिला निरोप द्यायला आपण सारे जमलो ती कोकिळा, माझ्या सहकारी शिक्षिका, पालकवर्ग, आणि सतरंजीवर मघापासून चुळबुळ करणारी माझी छोटी मंडळी,

शाल-श्रीफळ देऊन झालं. आता मुख्याध्यापिकेनं चार गोड शब्द बोलावेत, अशी रीत आहे. पण आज शब्द जड जात आहेत.

मी कॉन्व्हेंटात शिकले. सिस्टर आम्हाला क्रेप कागदाचे गुलाब करायला शिकवायच्या. फार देखणे व्हायचे. पण खरं फूल आमच्या वर्गात कधी आलं नाही. कोकिळाच्या वर्गात मात्र सोनगीरचं अख्खं शिवार यायचं. आधी गोष्टीचं पुस्तक, मग हातात टोपली देऊन मुलं आवारात. पळसाच्या पानाचं कासव, कापसाच्या बोंडाचा ससा. शनिवारी सगळं सोडवून निंबाखाली परत ठेवायचं. तिचा नियम एकच: अपुरं राहिलेलं परत द्यायचं नाही.

नाना एकदा म्हणाले, "ताई, पोरं शिकायला येतात की कचरा वेचायला?" कोकिळा म्हणाली, "नाना, तुमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तरी दुसरं काय चालतं?" तेव्हा सगळ्यात मोठ्यानं नानाच हसले होते. आठवतं ना?

मग दिवाळीनंतर ते घडलं. आंधळ्या चिमणीला झाडं डोळे देतात, अशी गोष्ट होती. मक्याच्या सालीची चिमणी, चिंचोक्यांचे डोळे. आमच्या दिपमालानं एक चिंचोका चिमणीला लावला आणि दुसरा स्वतःच्या नाकात घातला. धुळ्याच्या दवाखान्यात तो निघेपर्यंत आमचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिची आजी कमलबाई रडत म्हणाल्या, "मनी नातना नाकमा झाड उगाडतस का तुम्ही?" त्यांचं काय चुकलं? घाबरलेली आजी दुसरं काय बोलणार?

टोपली कपाटात गेली. आता थर्मोकोलचे तयार संच येतात, डोळेसुद्धा चिकटवलेले. मुलं शांत बसतात. इतकी शांत, की वर्गावरून जाताना मला काळजी वाटते. टोपली कायमची बंद करायची का, हे संस्थेच्या सोमवारच्या सभेत ठरेल. तिची बाजू मांडायला कोकिळा तिथे नसेल.

काल सामान आवरताना ती खिडकीतली एकडोळी चिमणी घेऊन उभी होती. म्हणाली, "बाई, हिला घरी नेववत नाही, आणि निंबाखाली ठेवता येत नाही."

आज सकाळी फाटकातच दिपमालानं मला अडवलं. "मोठ्या बाई, मनी चिडीना डोया कोठे शे?"

चिमणीचा राहिलेला डोळा मागत होती ती. सोबत आलेल्या कमलबाईंनी पदराची गाठ सोडली. आत चिंचोका होता, घरच्या चिंचेचा, चांगला टपोरा. "देखा बाई, हाऊ नाकमा जाई का?"

नाना, सोमवारी काय होईल, मला ठाऊक नाही. ते इथे चारचौघांत विचारणं बरंही दिसत नाही. आपण सर्वांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनानं विसरून जा.

फक्त एक विनंती. दिपमाला चिंचोका घेऊन पहिल्या ओळीत बसली आहे, डिंक कोकिळाकडे आहे. डोळा बसेपर्यंत चिमणी कुणीतरी घट्ट धरायला हवी.

नाना, धराल का?