तिसरं दार

इसिडोर : सीट पुढं कोणी ओढली?

आयडा : कुठली सीट?

इसिडोर : गाडीची. ड्रायव्हरची. काच पुसायला आत बसलो तर गुडघे स्टेअरिंगवर आपटले. खरं सांग आयडा, बसली होतीस तू?

आयडा : पप्पा, गाडीला कुलूप. चावी दिवसा तुझ्या खिशात, रात्री तुझ्या उशीखाली. मी काय धूर होऊन शिरणार?

इसिडोर : मग आपोआप सरकते?

आयडा : तू फ्रान्सहून, लूर्दच्या माउलीकडून आल्यापासून रोज हेच विचारतोयस. मी रोज नाय म्हणते. उद्या विचारू नको म्हणजे झालं.

इसिडोर : उद्या गाडीच नसंल. सीट मागं ढकलली, कडी नीट बसवली, दाराला कुलूप घातलं. जयवंत येतोच आहे घाटकोपरवरून. त्याच्यासमोर तोंड फुगवून बसू नको. इतकी वर्षं एका हँगरमध्ये विमानांची इंजिनं खोलली आम्ही. परक्याला देत नाय मी गाडी.

आयडा : मग मी परकी काय? मला दे.

इसिडोर : तुला चालवता येत नाय.

आयडा : शिकव. आईला शिकवलंस ना?

इसिडोर : ती वेगळी गोष्ट.

आयडा : वेगळी कशी? हीच गाडी, आपली डुक्कर फियाट. आरे कॉलनीतला रस्ता. चर्चमधली रविवारची मिसा झाली की सरळ तिकडं. आई स्टेअरिंगवर, तू तिच्या डाव्या हाताला, मी मागं. वळण आलं की आई श्वास धरायची, मी पण धरायचे. आणि तू ओरडायचास, 'क्लच, मार्सेलिना, क्लच! ती म्हैस नाय, गाडी आहे!'

इसिडोर : चालवत होती छान. उंचीला कमी, तेवढंच. सीट पार पुढं ओढून, खाली चादरीची घडी घेऊन बसायची. बोनेट दिसलं की खूश.

आयडा : आणि ती गाडी तू विकतोस.

इसिडोर : मार्सेलिना गेली, बाय. चार वर्षं झाली. राहिला तो पत्रा. पत्रा विकतोय.

आयडा : चार वर्षं पत्रा नव्हता तो! चार वर्षं तू तिच्या डाव्या सीटवर कोणाला बसू दिलं नाहीस. फादरना मागं बसवलंस. कॉन्सेप्टामावशी चिडून बसनं गेली. घरी आलास की पलीकडून फिरून जायचास, तिचं दार उघडायचास, थोडा थांबायचास, लावायचास. आख्खं मरोळ गावठाण बघायचं. शेजारची सुंदराबाई तर 'आली का गं मार्सेलिना?' म्हणून विचारायची. मला एवढी लाज वाटायची! आणि खरं सांगू? बरं पण वाटायचं. आता परत आल्यापासून ते दार उघडत नाहीस. नुसती विक, विक, विक. काय झालं तिकडं?

इसिडोर : काय व्हायचंय? नवस होता तिचा. कंपनीनं पॅरिसपर्यंतचं फुकट तिकीट दिलं, नवस फेडला. तीर्थाची बाटली आणली. तू प्यालीस ना?

आयडा : प्याले. गाडीचं विचारते. पॅरिसहून लूर्दला थेट आगगाडी जाते, फादरनी कागदावर लिहून दिलं होतं. तू मध्येच उतरून गाडी भाड्यानं घेतलीस. का?

इसिडोर : नवस काय होता ते तुला ठाऊक आहे.

आयडा : 'लूर्दला जाऊ, गाडीनं जाऊ, आणि गाडी मी चालवीन.'

इसिडोर : मग. अर्धा नवस फेडून कसा चालंल? आपल्याकडं नवसात कमी केलं की माउली रुसते.

आयडा : सांग मला, पप्पा. सगळं सांग. मग विक गाडी, मी तोंडातून ब्र काढणार नाय. शप्पथ.

इसिडोर : हसशील.

आयडा : नाय हसणार.

इसिडोर : भाड्याच्या गाड्यांचं ऑफिस होतं, स्टेशनासमोर. काउंटरवर एक पोरगी, तुझ्याएवढी. माझं आपलं लायसन दिलं, ते तिनं उलटं धरलं, सुलटं धरलं. मग परदेशी परमिट दिलं, इथून काढून नेलेलं. त्यावरचा फोटो बघून हसली. फोटोत मी पाकीटमार दिसतो.

आयडा : दिसतोसच.

इसिडोर : पण परमिटवर तिची भाषा होती, मग सगळं नीट. शेवटी बोटं दाखवून विचारते, चालवणार कितीजण? एक? दोन?

आयडा : मग?

इसिडोर : मी दोन बोटं वर केली.

आयडा : पप्पा!

इसिडोर : केली नाय, झाली. ती म्हणाली, दुसरं लायसन दाखवा. मार्सेलिनाचं शिकाऊ लायसन आहे ना, माझ्या पाकिटात असतं. तेच पुढं केलं. तिनं तारीख बघितली, मान हलवली. चालणार नाय, मुदत संपलीय. मग विचारते, मॅडम कुठायत? मी काचेतून बाहेर बोट दाखवलं. गाडीकडं.

आयडा : आणि तिनं बघितलं?

इसिडोर : बघितलं. बघून हात हलवला. टाटा करतात तसा.

आयडा : कोणाला?

इसिडोर : मी नाय विचारलं. भाषा येत नव्हती. आली असती तरी विचारलं नसतं.

आयडा : माझ्या अंगावर काटा आला. पुढं?

इसिडोर : पुढं आपल्या सवयीनं उजवं दार उघडून बसलो. बघतो तर समोर स्टेअरिंगच नाय. तिकडं सगळं उलटं, बाय. रस्त्याची बाजू उलटी, चाक डावीकडं. मी चावी हातात घेऊन खुळ्यासारखा बसलोय, आणि डाव्या हाताला बघतो तर तिच्या जागी स्टेअरिंग. चार वर्षं रिकाम्या सीटकडं बघायची सवय, आणि तिथं चाक. तोंडातून निघून गेलं, 'सरक मार्सेलिना, तुझ्याकडं लायसन नाय.' मग उतरलो, फिरून गेलो, डावीकडं बसलो.

आयडा : आणि ती?

इसिडोर : सरकली. माझ्या उजव्या हाताला.

आयडा : दिसली तुला?

इसिडोर : दिसायला कशाला पाहिजे? वीस वर्षं शेजारी बसलेलं माणूस. आहे ते कळतं, नाय तेही कळतं.

आयडा : आणि तू चालवलीस.

इसिडोर : मी चालवली म्हणायची. तिकडं रस्त्याला जागोजाग खुरीस, आपल्या गावठाणात आहे तसे दगडी क्रूस. प्रत्येक गावाच्या वेशीवर एक. आणि आपल्याला सवय काय? खुरीस आला की हॉर्न.

आयडा : तिकडं पण वाजवलास?

इसिडोर : प्रत्येकाला! लोक खिडकीतून डोकी काढतात, शिव्या देतात, मी आपला पाँ करून पुढं. शेवटी एक पोलीस फटफटीवरून आला. तोंडावर बोट ठेवून डोळे वटारले. म्हटलं बरं बाबा, तुमचा देव झोपलेला असतो. पुढचा खुरीस आला तेव्हा दोन्ही हात चाकाच्या वरच्या बाजूला घट्ट धरले. अंगठे पण वर.

आयडा : आणि?

इसिडोर : हॉर्न वाजला. दोनदा.

आयडा : दोनदा...

इसिडोर : मी एकदाच देतो. दोनदा ती द्यायची. एक येशूला, एक तिच्या आईला.

आयडा : वायरिंग लूज असंल.

इसिडोर : मी विमानांचं वायरिंग बघतो, आयडा. मला नको शिकवू.

आयडा : घाबरलास?

इसिडोर : नाय गं. हसलो. मोठ्यानं हसलो. ती गेल्यावर पहिल्यांदा. लूर्द येईपर्यंत तिच्याशी बोलत होतो. तुझ्याबद्दल पण बोललो.

आयडा : मग झालं ना चांगलं! मग रडतोस कशाला?

इसिडोर : लूर्दला गाडी परत द्यायची होती. तिकडच्या ऑफिसच्या दारात थांबवली. उतरलो, माझं दार लावलं. म्हटलं आता फिरून तिचं उघडू. तेवढ्यात ऑफिसचा माणूस आला, चावी घेतली, आत बसला, गाडी घेऊन गेला. मी हात वर केला, ओरडलो, 'थांब, बाई आहे आत!' मराठीत ओरडलो. त्याला काय कळणार? एकच दार वाजलं, आयडा. दुसरं वाजलंच नाय.

आयडा : पप्पा...

इसिडोर : नवस फेडला आणि तिला परमुलखात भाड्याच्या गाडीत सोडून आलो. घरी आल्यावर आपल्या गाडीत बसलो. डावीकडं बघितलं. रिकामी. अगदी रिकामी. मेली तेव्हासुद्धा एवढी गेली नव्हती ती. मला नाय बघवत ती सीट. म्हणून विकतोय. आता बोल.

आयडा : मी शप्पथ घेतलीय. नाय बोलत.

जयवंत : अरे इसिडोर! घरात आसस मां? इलंय रे मी!

इसिडोर : ये जयवंत, ये. आयडा, चहा टाक.

जयवंत : च्या मागसून. आधी गाडी. आयडा, काय गो, तोंड कित्याक पाडलंस? काकाकडं गाडी इली म्हणजे घरातच रवली. मार्सेलिनावैनीच्या हातची तळलेली गरम फुगियास खाल्लीत मी, तिच्या गाडयेक ओरखडो येवक देवचंय नाय.

इसिडोर : ही घे चावी. इंजिन बघ, सोन्यासारखं आहे. बसून बघ.

जयवंत : बसतंय... आई गे! गुडघे मोडले माजे! अरे, ही सीट कोणाच्या मापाची लावलंस? शाळेतल्या पोराच्या?

इसिडोर : काय?

जयवंत : पार पुढं हा रे. चाक पोटात घुसतासा.

इसिडोर : आत्ता मागं ढकलली मी. कडी बसवली. कुलूप घातलं. आयडा?

आयडा : मी तुझ्यासमोर ओट्यावर बसले होते. तू रडत होतास, मी बघत होते.

इसिडोर : कडी झिजलीय. गाडी उतारावर उभी आहे, सरकली असंल.

जयवंत : उतार खयसून खय हा बघ जरा. गाडयेचा तोंड चढाक हा. सीट सरकली तर मागं सरकात. ही चढान गेली, इसिडोर. आपसून चढ चढणारी सीट मी आयुष्यात बघूक नाय.

इसिडोर : मग तूच सांग.

जयवंत : मी काय सांगू? माका एक कळता. आमच्या गावात भरल्या घराक कोणी कुलूप लावणा नाय, आणि भरली गाडी कोणी विकत घेणा नाय. ही घे तुजी चावी.

इसिडोर : जयवंत, शब्द दिलाय मी तुला.

जयवंत : शब्द माका दिलंस, मी परत दिलंय. वैनी, चुकला असात तर माफ करा, गुडघो लागलो. आयडा, च्या नको गो. येतंय मी.

इसिडोर : गेला. नमस्कार करून गेला. गाडीला.

आयडा : पप्पा, आता शप्पथ मोडते. तिकडच्या गाडीत तू कुठल्या बाजूला बसला होतास?

इसिडोर : सांगितलं ना, डावीकडं.

आयडा : आणि आई?

इसिडोर : उजवीकडं.

आयडा : मग तू इथं डावीकडं काय शोधतोस? तिची बाजू बदलली! पार लूर्दपर्यंत उजवीकडं बसून गेली ती. आली ती पण उजवीकडंच बसली असंल. कोणी दार उघडायची वाट बघणारी बाई होती का ती? दार उघडायची हौस तुला. ती आपली उतरली, आपली आली, स्टेअरिंगपाशी बसली, सीट पुढं ओढली. आणि तू रोज येऊन सीट मागं ढकलतोस, आणि तिच्याच अंगावर बसून रडतोस की ती नाय म्हणून!

इसिडोर : आयडा...

आयडा : मला पण ती पाहिजे, पप्पा. तुझी बायको होती तशी माझी आई होती. मला कोणी हॉर्न नाय दिला.

इसिडोर : ...चावी धर.

आयडा : काय?

इसिडोर : धर म्हणतो ना. आरेपर्यंत मी नेली असती, पण ती सीट मी मागं करणार नाय. तूच घे. गल्लीतून हळू, पहिल्या गियरमध्ये. मी डावीकडं बसतो.

आयडा : तू? तिच्या सीटवर?

इसिडोर : शिकवताना तिथंच बसायचो. माझीच जागा ती. बस. दार लाव.

आयडा : लावलं. तुझं?

इसिडोर : लागलं. सीट बघ. पाय पोचतात?

आयडा : पोचतात. बोनेट पण दिसतं. पप्पा, बरोबर माझ्या मापाची आहे. हलवायला पण नको.

इसिडोर : असणारच. तू तिच्याएवढीच आहेस.

आयडा : क्लच दाबला. पहिला गियर. सोडू?

इसिडोर : थांब.

आयडा : कुठं उतरतोस? पप्पा, आता काय राहिलं?

इसिडोर : तू शिकणार, मी शिकवणार. तिनं बसायचं कुठं?

आयडा : मागं. मी बसायचे तिथं.

इसिडोर : तेच. तिला तेवढं दार उघडून देतो.

(मागचं दार उघडतं. थोडा वेळ जातो. मग लागतं.)

इसिडोर : हं. सोड आता क्लच. आणि वेशीवर खुरीस आला की दोनदा.