पक्की साखळी

तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर शिपाई स्टुलावर बसला होता आणि त्याचे कान बाकावर होते. बाकावर परीक्षा देऊन आलेली भाची आणि तिचा मामू.

"काय विचारलं गं?"

"हदीस म्हणजे काय. म्हटलं, मूळ अर्थ बोलणं, बातमी. पुढे पैगंबरांचं बोलणं-वागणं सांगणारी बातमी."

"ती खरी कशावरून?"

"कोणी कोणाकडून ऐकली, ती साखळी बघतात. एकेक माणूस तपासतात."

"मग ऐक. तू पास झालीस!"

"कोणी सांगितलं?"

"चहावाल्यानं."

"त्याला?"

"ह्या शिपाईदादांनी."

भाची उठून थेट स्टुलासमोर उभी राहिली.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"खुद्द साहेब बोलले. मी आत पाणी ठेवत होतो."

"विसरभोळे आहात?"

"बायकोशी झालेलं प्रत्येक भांडण तोंडपाठ आहे."

"खोटं बोलता?"

"फक्त रजेसाठी. आजीला चारदा मारलंय."

"झालं! साखळी तुटली," मामूनं कपाळाला हात लावला.

तेवढ्यात दार उघडून साहेब बाहेर आले.

"अभिनंदन, पास! आणि वर्गात पहिली!"

मामूनं भाचीला उचललंच. शिपाई स्टुलावरून ताडकन उठला.

"ताई, आजीचं सोडा! बाकी माणूस पक्का, असं म्हणा!"

"पक्का, दादा! एकदम पक्का!"