मोकळेबाबांच्या मठाला कडी नव्हती

मंडळी, आज कीर्तनाला एक प्रश्न घेऊन उभा आहे. खरा गुरू म्हणतो, "ये बाळ, तुला मोकळं करतो." भोंदूही हेच म्हणतो. शब्द तेच, गोडवाही तोच. मग ओळखायचं कसं? सांगा बरं कुणीतरी... नाही सांगता येत? मलाही बरीच वर्षं येत नव्हतं. मग अंतोबा तांबटाची हकीकत कानावर आली. ती ऐका.

नदीकाठच्या एका गावात हा अंतोबा हंडे-घंगाळी घडवायचा. हात असा, की त्याच्या घंगाळात बघून लोकांनी मिशीला पीळ द्यावा. घरात म्हातारी आई, विधवा बहीण ठकू आणि बायको गोदू. एका भाद्रपदात गोदू तापानं गेली, चार दिवसांत. त्यानंतर अंतोबा ऐरणीपाशी बसायचा, हातोडी उचलायचा आणि तशीच खाली ठेवायचा.

आपण म्हणतो, मूर्ख माणसं फसतात. अंतोबा मूर्ख नव्हता हो. दुखावलेला होता.

टेकडीवर मोकळेबाबांचा मठ होता. कुणीतरी त्याला तिथं नेलं. बाबांनी विचारलं, "रडतोस कशाला?"

"बायको गेली, महाराज."

"तुझी एक दोरी तुटली, असं म्हण. राहिलेल्याही तोड आणि मोकळा हो."

आणि मंडळी, खोटं कशाला बोलू, त्याला हलकं वाटलं. दोन महिन्यांनी पहिल्यांदा गाढ झोप लागली. मग तिथं न राहून कसं चालेल? तो मठातच राहिला.

आधी हातोडी सुटली, कारण धंदा म्हणजे बंधन. मग बोलणं. मनात येईल ते बोलणं म्हणजे मनाची गुलामी, तेव्हा बोलण्याआधी बाबांची परवानगी घ्यायची. मग पाणी. तहान हीसुद्धा वासनाच, तेव्हा तांब्या उचलण्याआधी विचारायचं. शिंक आली तर काय करत असतील, देव जाणे. पेटीवाले, हसू नका. मठात अशी चाळीस माणसं होती, त्यांत कुणालाच हसू येत नव्हतं. तेवढं एक विचारावं लागत नव्हतं, कारण येतच नव्हतं.

अशी दीड वर्षं गेली. चैत्रातल्या एका दुपारी ठकू टेकडी चढून आली. मठाच्या दारात उभी राहिली. दार सताड उघडं. त्याला कडी नाही, कोयंडा नाही. बाबा अभिमानानं सांगायचे, इथं कुणाला कोंडत नाही.

ठकू म्हणाली, "दादा, आईनं दोन दिवस अन्न सोडलंय. कुणाच्याच हातून घास घेत नाही. तुझं नाव घेतेय. चल."

अंतोबा म्हणाला, "विचारून येतो."

आईकडे जायला विचारून येतो!

बाबा शांतपणे म्हणाले, "जा की. मी कुठं धरून ठेवलंय? पण एक ध्यानात ठेव. तू मागं फिरलास, की गोदूची वाटही खुंटली. तुझ्या पाशात तिचा जीव अडकेल. बघ बाबा, तुझं तू ठरव."

अंतोबा परत दाराशी आला. मान खाली. "ठके, नाही येता येत गं. गोदू अडकेल."

ठकू रागावली नाही. उंबऱ्यापलीकडे खाली बसली आणि म्हणाली, "दादा, आधी आईला बरं नसलं की कोण भरवायचं?"

"गोदू."

"मग आज तू भरवलंस, तर ती अडकेल का रे?"

अंतोबाच्या तोंडून निघून गेलं, "हे बाबांना विचारायला हवं."

"बाबांनी वहिनीला कधी पाहिलं होतं? अकरा वर्षं तू तिच्याबरोबर राहिलास. तू सांग."

काय झालं असेल त्याच्या मनात? मी बऱ्याचदा विचार केलाय. दीड वर्षात त्याला कुणी 'तू सांग' म्हटलंच नव्हतं. त्यानं एकदा मागं बाबांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "नाही. गोदू नाही अडकणार." आणि उंबरा ओलांडला.

आभाळ कोसळलं नाही. दोघं टेकडी उतरली. घरी ठकूनं पेज केली, अंतोबानं पहिला घास आईच्या ओठाला लावला. म्हातारीला दिसत नव्हतं. म्हणाली, "कोण?"

"अंता."

तिनं तोंड उघडलं. चार घास खाल्ले. पुढं आषाढापर्यंत जगली.

गोष्ट इथं संपली असं समजू नका. कितीतरी महिने अंतोबा पाण्याचा तांब्या हातात धरून उभाच राहायचा. ठकू चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "पी की, दादा." मग प्यायचा. पाय एका दुपारी सुटले, पण मन सुटायला पुढची दिवाळी उजाडली. त्या दिवाळीत त्यानं पुन्हा ऐरणीवर पत्रा धरला.

मंडळी, आता तुमच्याकडे वळतो. घरी जाऊन आठवून बघा, आपण कुणाच्या पायाशी बसतो? आणि ज्याच्या पायाशी बसतो, त्याला प्रश्न विचारताना छातीत धडधडतं का? धडधडत असेल, तर तो मोक्षाचं कितीही गोड बोलो, तिथून उठा. देवाच्या दारी भीती कशाला? आणि हे माझ्यापासूनच सुरू करा. गळ्यात हार घालून मीही तुमच्यापुढं उभा आहेच की. मी जे सांगितलं, त्यातलं पटलं नसेल ते आत्ता विचारा. टाळ थांबवा जरा.

हां, मागच्या खांबाजवळच्या मावशी, उभ्या राहताय ना? बोला. आम्ही ऐकतो.