बर्फाआधी नारळ

माझं स्नोबोर्डिंग आमच्या घिवलीच्या कोळीवाड्यात कशावर अडलं, माहितीय? ऑगस्टात न्यूझीलंडला हिवाळा, म्हणून तिकडं जायचं होतं. तिथल्या गाईडशी व्हिडिओ कॉलवर तारीख ठरवत होते, तर शेजारी सुके बोंबील निवडणारी आई म्हणाली, "नारळी पुनवेच्या आधी? दर्याला नारळ दिल्याबिगर आपल्या घरातलं कोणी पाण्यात जात नाय."

"आई, तिथं बर्फ हाय."

"थिजलं तरी पाणीच ना? सांग त्याला."

लाजतलाजत सांगितलं. तो हसला नाही. "पौर्णिमा कधी आहे?" विचारून त्यानं त्यानंतरची तारीख दिली.

आईनं स्क्रीनकडं नीट पाहिलं. "तांडेल बरा भेटला तुला. जा."

आमच्याकडं बोट ज्याच्या भरवशावर जाते, तो तांडेल. बाबा गेल्यापासून तिनं कुणालाच तांडेल म्हटलं नव्हतं.