सोवळ्याची तार

— नाही हो, हरिहर ऑफिसला गेलाय, सहाशिवाय येत नाही. मी त्याची मावशी, गोदूबाई. बिनतारी यंत्राच्या परवान्याची चौकशीच ना? मग मला विचारा, डोंबिवली स्टेशनापासून उन्हात चालत आलात, तसंच परत पाठवायची नाही मी. लिहून घ्या, मुलगा फार कष्टाळू आहे. दोन वर्षं लढाईतले जुने व्हॉल्व्ह चोरबाजारातून आणतोय, माझ्या लाटण्यावर तांब्याची तार गुंडाळून बसलाय — पोळ्या मी बाटलीनं लाटते, माझी तक्रार नाही — पण परवाना मिळाला नाही तर खचेल हो तो, मला त्याचीच धास्ती आहे. यंत्र तयार झालं, तर संध्याकाळी ठणठणीत आणि सकाळी मुकं. व्हॉल्व्ह बदलला, कंडेन्सर बदलला, सगळ्या जोडांना पुन्हा डाग दिले, महिनाभर डोकं धरून बसला. आणि कारण कोण? मी. अंगणात ती दोन बांबूंवरची तार दिसते ना, ती त्याच्या यंत्राची. मला वाटलं, बरी उंच आहे, कुणाचा हात लागणार नाही — म्हणून रोज आंघोळ झाली की माझं सोवळ्याचं ओलं नऊवारी काठीनं तिच्यावर टाकायची. दुसरीकडे वाळत घाल म्हणायची काही त्याची हिंमत झाली नाही. म्हणाला, मावशी, राहू दे, मी लुगड्यासकट जुळवून घेतो. आणि जुळवलं की — त्याच सकाळी तिकडे कोलंबोत असंच यंत्र घेऊन बसलेल्या माणसानं उत्तर दिलं. आता उलटंच झालंय. मी चार दिवस ठाण्याला नणंदेकडे गेले, तर कोलंबो गप्प. आल्या आल्या आधी लुगडं भिजवलं, मग चहा घेतला. रोज सातला मी लुगडं टाकते, मग तो कोलंबोशी टकटक करतो.

— कधीपासून म्हणजे? दिवाळीपासून. सात महिने झाले.

— परवान्याआधी बोलायचंच नसतं?

हे मला नव्हतं सांगितलं त्यानं. आता ते लिहिलेलं खोडा बघू. मी म्हातारी बाई, कोलंबो कुठल्या दिशेला आहे तेही मला ठाऊक नाही, माझ्या बोलण्यावर कसले कागद करताय — आणि उठलात कशाला? तार जप्त करणार? करा ना, सरकारला मी कोण अडवणार. पण वर सोवळं आहे, पारोशानं हात लावायचा नाही. मागे विहीर आहे, बूट काढा, चार पोहरे अंगावर घ्या आणि ओलेत्यानं या. पंचा देते मी. मग खुशाल काढा.

अहो साहेब, विहीर तिकडे नाही, मागे आहे.

बरं. जाताना फाटक तेवढं लोटून घ्या.