अप्पा बसून जाणार

...आणि वर मलाच विचारतात, ‘लीले, दचकतीस कशाला?’ आता दचकू नको तर काय करू, तुम्हीच सांगा! सकाळी दात घासत अंगणात यावं, तोंडात फेस, डोळ्यांत झोप, आणि शेजारच्या मोकळ्या जागेतून एकदम फाट्ट! गोळी सुटल्यासारखा बार! मी ब्रश गिळायची राहते, मांजर पत्र्यावर, आई देवघरातून ‘शिवशिवा!’ आणि त्या धुरातून अप्पांचा आवाज, अगदी खुशीत, ‘पेट्रोल जास्त झालं गं, काय न्हाय!’ काय न्हाय म्हणे! तुम्हाला सांगते, मी मुळातली घाबरट. कुकर मीच लावते, शिट्टी होणार हे मलाच माहीत असतं, तरी शिट्टी झाली की मीच उडते. कॉलेजात तास संपल्याची घंटा झाली की अख्खा वर्ग उठायचा आणि मी किंचाळायचे. असल्या मुलीच्या दारात माणसं काय ठेवतात? तुळस ठेवतात, फार तर स्कूटी ठेवतात. आमच्या दारात, शुक्रवार पेठेतल्या बोळात, जिथं दोन रिक्षा समोरासमोर आल्या की आधी एकमेकांच्या घराण्याचा उद्धार होतो आणि मग एक मागं सरते, तिथं लष्कराचा ट्रक उभा आहे! जुना, एक टनी, आणि पेट्रोलवर चालणारा. ट्रक! पेट्रोलवर!

आणला कसा, ते ऐका. अप्पा म्हणजे माझे वडील, शंकरप्पा, सैन्यात ड्रायव्हर, हवालदार म्हणून निवृत्त. गेल्या श्रावणात जिना चढताना मधेच बसले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, ऑपरेशन करावं लागेल, होईल बरं, पण लवकर करा. लवकर! हा शब्द मी ऐकला, आईनं ऐकला, अप्पांनी मान डोलवली. आणि त्याच आठवड्यात ते मैंदर्गीला बारशाला म्हणून गेले ते संध्याकाळी परत आले... कशातून? तर ट्रॅक्टरनं ओढत आणलेल्या या ट्रकच्या केबिनमध्ये बसून! स्टिअरिंग धरून! इंजिन नाही म्हणायला होतं, काचा नव्हत्या, मागच्या हौद्यात बाभळीचं रोप वाढलेलं आणि सीटखाली कोंबडीनं अंडी घातलेली. भंगारवाल्याच्या कुंपणाशी किती वर्षं पडून होता कोण जाणे. आई दारात भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी उभी. म्हणाली, ‘अहो, ऑपरेशनचं काय?’ अप्पा खाली उतरले, बॉनेटवर हात फिरवला, आमच्या कुणाच्या डोक्यावरून इतक्या मायेनं कधी फिरवला नाही, आणि म्हणाले, ‘आधी गाडी.’

झालं! त्या दिवसापासून घरात दुसरं वाक्य नाही. गोळी घेतली का? आधी गाडी. मिठाचं कमी खा सांगितलंय ना? आधी गाडी. दवाखान्यातून फोन आला, तारीख घेताय ना? अप्पांनी फोन माझ्या हातात दिला आणि कन्नडमध्ये म्हणाले, ‘मोदलु गाडी.’ आता हे मी डॉक्टरांना कोणत्या भाषेत सांगू?

पण ही गाडी कशाला, हे आम्हाला कळलं ते वेल्डर आला तेव्हा. भारत त्याचं नाव, चांगला माणूस, पण त्याच्या तोंडाला झाकण नाही. हौद्यावर ताडपत्रीसाठी लोखंडी कमानी बसवायच्या होत्या. अप्पांनी हौद्यात एक चौरंग ठेवला, त्यावर मांडी घालून ताठ बसले आणि म्हणाले, ‘घे माप.’ भारतनं टेप लावली, खालून डोक्यापर्यंत, आणि विचारतोय काय? ‘अप्पा, फेट्यासकट धरू का बिगर फेट्याचं?’ अप्पा म्हणाले, ‘फेट्यासकट. वर हाराचं जरा सोड.’

मी चहा घेऊन आले होते. कपबशी गेली.

तुमच्यात कसं असतं माहीत नाही, आमच्या लिंगायतांत माणूस गेला की आडवा नेत नाहीत. बसवून नेतात. मांडी घालून, कपाळाला विभूती, गळ्यात हार, आणि बसलेलाच मातीत ठेवतात. तर अप्पा स्वतःची बैठक मापून घेत होते! हयात असताना! वर मला समजावतात, ‘हे बघ लीले, वर बर्फात पोरं जायची, तवा असल्याच गाडीतनं मी त्यास्नी खाली आणायचो. झोपवून. रस्ता असा, की पोरं हितनं तितं सरकायची... मी आरशात बघायचो न्हाय. तवाच ठरवलं. असल्याच गाडीतनं जायचं, पण बसून. बिनहालता.’ आता यावर काय बोलता हो? मी केमिस्ट्रीची बी.एस्सी., मला वाटलं ऑक्सिजन, हिमोग्लोबिन, काहीतरी शास्त्रीय बोलावं. तोंडातून निघालं, ‘पण अप्पा, ऑपरेशन...’ ‘आधी गाडी.’

आणि तो सतीशदादा! मेकॅनिक! त्याच्यासारखा माणूस शत्रूलाही मिळू नये... नको, शत्रूला मिळावा, लढाई कधी सुरूच होणार नाही. डोकं कायम बॉनेटमध्ये, कानाला फोन, आणि तोंडात एकच, ‘ताई, एवढा कार्बोरेटर बसला की झालंच!’ कार्बोरेटर बसला. ‘ताई, एवढा सेल्फ फिरला की झालंच!’ सेल्फ फिरला, बॅटरी बसली. दिवाळी झाली, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा आली आणि गेली, त्याचं ‘झालंच’ काही होईना. रंग तेवढा झाला. लष्करी हिरवा आपल्याला लावता येत नाही म्हणे, कायदा आहे, म्हणून अप्पांनी राखाडी काढला. म्हणाले, ‘विभूतीचा हाय की, बरंच झालं.’ ट्रकचा रंग दिवसेंदिवस खुलत होता आणि अप्पांचा उतरत होता. पाय सुजायला लागले. आधी स्वतः पान्हा धरायचे, मग स्टुलावर बसून सांगायचे, मग स्टुलापर्यंत यायलाच दोनदा थांबायचे. मी रात्री देवाला काय सांगत होते माहितीये? ‘सिद्धरामा, लोक नोकरी मागतात, लग्न मागतात, माझं एवढंच, तो कार्बोरेटर चालू कर.’

आता चालवणार कोण? अप्पांना डॉक्टरांची मनाई. माझा चुलतभाऊ मंजुनाथ रोज टेम्पो चालवतो, त्याला बसवला. त्यानं पहिला गिअर टाकला, खर्रर्र! अप्पांनी त्याला खाली उतरवला. ‘गाडी कण्हती, तुला कळत न्हाय? तू जिवंत माणसाला न्यायच्या लायकीचा न्हाईस, मला काय नेणार!’ आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्याकडे! मी, जी स्कूटीवर वळताना हातही दाखवते, इंडिकेटरही लावते आणि ‘वळतेय हां’ असं तोंडानंही सांगते! अप्पा म्हणाले, ‘हीच पायजे. घाबरती, म्हणून हळू नेईल.’ बघा, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घाबरटपणाला नोकरी मिळाली, ती ही!

शिकले. काय करता! त्याचे गिअर आजच्या गाड्यांसारखे नाहीत हो. क्लच दाब, सोड, जरा रेस दे, परत दाब, मग गिअर. ‘एक-दो! एक-दो!’ अप्पा बाजूला बसून ओरडणार, अर्ध्या ‘दो’ला दम लागणार, आणि मी दर गिअरला त्यांच्या तोंडाकडे बघणार. ‘रस्त्याकडं बघ! माझ्याकडं काय हाय?’

आणि एका सकाळी तो खरोखर सुरू झाला. फाट्ट नाही, धूर नाही, घुर्रर्र... सरळ, एकसारखा. सतीशदादाचा फोन हातातून पडला. अप्पा म्हणाले, ‘चला, ट्रायल.’ मी म्हटलं, ‘आता?’ ‘मग कवा? मी गेल्यावर?’ पांढरं धोतर नेसले, पूजा आटपून आलेले म्हणून कपाळभर विभूती, मागं हौद्यात चौरंगावर मांडी घालून बसले. हालचाल किती होते ते बघायचं होतं त्यांना. आई म्हणाली, ‘निदान फेटा नगं.’ ते म्हणाले, ‘कमानीला लागतुय का बघायचंय की.’ फेटा बांधला. ताडपत्री अजून घातली नव्हती, चौरंगावर ऊन येत होतं, गाडी पाळण्यासारखी चालली होती, आणि बसल्या बसल्या अप्पांचा लागला डोळा.

तुम्ही आता चित्र बघा. राखाडी ट्रक. अगदी हळू चाललेला. मागं मांडी घातलेला, विभूती लावलेला, फेट्यातला, डोळे मिटलेला माणूस. पेठेत. लिंगायतांच्या पेठेत! कुणी काय समजावं?

कोपऱ्यावरच्या शिवबाईनं पहिला हंबरडा फोडला, ‘अगं बाई, शंकरप्पा गेलं गं! सांगितलंबी न्हाय गं गिरिजानं!’ गिरिजा म्हणजे माझी आई. मी आत बसलेली, मला इंजिनच्या आवाजात काही ऐकू येईना. मला फक्त दिसलं, की दुकानदार उभे राहतायत. हात जोडतायत. मला वाटलं, गाडीला जोडतायत, जुनी गाडी म्हणून, मीही मान लववली. मग हारवाल्यानं झेंडूच्या पाकळ्या टाकल्या. चौकात ट्रॅफिकच्या पोरानं सगळी वाहनं थांबवून मला वाट दिली, सोलापुरात, मला! आणि मी सहज आरशात बघितलं. मागं माणसंच माणसं. टोप्या काढलेली, चपला काढलेली, आणि शिवबाई सगळ्यांच्या पुढं ऊर बडवत...

तेव्हा मला वाटलं ना... म्हणजे मला वाटलं, खरंच. ट्रायल चालू असतानाच. मी इथं क्लच मोजतेय आणि मागं ते गेले, आणि सगळ्या पेठेला कळलं, एक मलाच नाही. माझे दोन्ही पाय ब्रेकवर. गाडी जागच्या जागी! मागून धप्प, आणि मग आवाज, ‘ब्रेक असा मारत्यात व्हय गं?’

शिवबाई तिथंच आडवी झाली. कुणी ‘हर हर महादेव’ म्हणालं, कुणी पळालं. अप्पा फेटा सावरत, पाकळ्या झटकत, सगळ्यांना ‘या, या, आलात, बरं झालं’ म्हणतायत. लग्नात उभे असल्यासारखे! वर मला, ‘आता आलोच हाय तर रुद्रभूमीपातुर जाऊन येऊ.’ रुद्रभूमी म्हणजे आमच्या लोकांना माती देतात ती जागा. गेलो. निम्मी माणसं मागं आली, इतक्या लांब आलोय तर बघूनच जाऊ म्हणून. तिथं फाटकाशी ट्रक वळायला जागा नाही, उलटाच आत घालावा लागतो. मी रिव्हर्स टाकला आणि फाटकाचा दगडी खांब पाडला. अप्पा म्हणाले, ‘समदं झ्याक झालं. हितं तेवढं चुकलं.’

पण माणूस शब्दाचा पक्का हो. गाडी झाली, म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतः दवाखान्यात आले. स्वच्छ दाढी करून. डॉक्टरांनी पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या, बराच वेळ कागद बघत राहिले आणि चष्मा काढला. मला चष्मा काढलेला कळतो. म्हणाले, ‘आता ऑपरेशन सोसणार नाही. श्रावणात केलं असतं तर...’ मग औषधं, विश्रांती, जपा. मी पहिल्यांदाच दचकले नाही. काहीच झालं नाही मला. बाहेर आल्यावर आईनं अप्पांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि मला विचारलं, ‘गाडीत पेट्रोल हाय का गं?’ अप्पाच माझी समजूत घालत होते, ‘अगं, असू दे की. गाडी हाय की आपली.’

मला ती गाडी पेटवून द्यावीशी वाटली. पण पेटवायलाही मी घाबरते.

आता काय, आता रोज सकाळी रिव्हर्सची शिकवणी. अप्पा खिडकीत, उशीला टेकून. खाली येणं बंद झालंय. ‘तुझा रिव्हर्स आला की मी मोकळा,’ म्हणतात. ‘तवर काय जात न्हाय. फाटकाशी हसं करून घ्यायचं न्हाय मला.’ मी गाडी मागं घेते. ‘डावीकडं! अगं डावीकडं काप!’ मी उजवीकडं कापते. धडाम! बोळाच्या टोकाला विजेचा खांब आहे, त्यावर. रोज. मंजुनाथ कपाळाला हात लावतो, ‘अक्का, शेंबडं पोरगं शिकलं असतं आतापातुर!’ सतीशदादा मागचा पत्रा ठोकून देतो, म्हणतो, ‘ताई, एवढं वळण जमलं की झालंच!’ आणि वरून अप्पा, ‘उद्या परत! उद्या येईल!’

येईल कशाला, आलाय. कधीच आलाय. परवा पहाटे सगळे झोपलेले असताना खांबाच्या अंगानं अख्खा ट्रक बोळातून उलटा नेला आणि जागेवर आणून लावला, कुठं खरचटला नाही. कुणाला बोलू नका.

काल वायरमन आला होता. म्हणाला, ‘मॅडम, तुमच्या ट्रकनं खांब पार वाकलाय. असंच चाललं तर पडंल एक दिवस.’ म्हटलं, पडू दे. खांब काय, दुसरा रोवता येतो.