मचाणावरून सहा हजार

...हसा, हसा तुम्ही, पण तुम्हाला सांगतो, बारा वर्षं मी या विमा कंपनीला दर महिन्याला हप्ता भरतोय आणि बारा वर्षांत त्यांनी मला साधी खोकल्याची बाटली दिलेली नाही. का? तर म्हणे, "वर्षाच्या औषधपाण्याचे पहिले सहा हजार डॉलर तुम्ही भरायचे, व्हर्लिन, मग आम्ही!" आणि ते सहा हजार कधी होतच नाहीत... पाच हजार आठशेला वर्ष संपतं, एक जानेवारीला पाटी कोरी, पुन्हा शून्यापासून.

वर सरकारचं ते लाडकं आरोग्य-बचत खातं. पैसे टाका, कर नाही. औषधपाण्याला काढा, कर नाही. पण त्यातून मासे धरायचा एक गळ घेऊन बघा... कर तर कर, वर वीस टक्के दंड! आमची लवॉन, म्हणजे बायको, मलमाची पावतीसुद्धा बिस्किटाच्या डब्यात जपते. म्हणते, "उद्या करवाले दारात आले तर काय दाखवशील, खरचटलेलं कोपर?"

तर ऑक्टोबरात मी हरणाच्या शिकारीसाठी मचाणावर बसलो आणि मचाण माझ्यासकट खाली आलं. खांद्याचं हाड मोडलं. मी इस्पितळात विव्हळतोय आणि ही बिल वाचून म्हणते, "व्हर्लिन... सहा हजार झाले!"

दुखणं कुठल्या कुठे गेलं हो. एकतीस डिसेंबरपर्यंत सगळा खर्च कंपनीचा. म्हटलं, आता डाव माझा.

अकरा वर्षं हा डावा गुडघा मला रडवतोय, तो आधी बदलायचा. पण आमच्या कागद कारखान्यातले सगळेच वर्ष संपायच्या आत, डिसेंबरात अंगाच्या दुरुस्तीला निघतात, मला मिळाली तीस तारीख. तोवर काय गप्प बसायचं? बारा वर्षांचं उट्टं काढायचं होतं. पाठीवरचा तीळ काढला. कान तपासले. डॉक्टर विचारतो, "काय होतंय तुम्हाला?" म्हटलं, तुमच्याकडे काय काय आहे ते सांगा, डाव माझा आहे. शेवटी घोरण्याची तपासणी मागून घेतली. डोक्याला, छातीला वायरी लावून रात्रभर असा घोरलो की काय सांगू, प्रत्येक घोरण्याचं बिल त्यांना!

एकोणतीस तारखेला फोन. नर्सबाई. "घोरण्याच्या तपासणीत तुमचं हृदय मध्येच अडखळताना दिसलंय. हृदयाच्या डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय भूल देता येणार नाही."

"मग उद्या सकाळी बघू दे की त्यांना!"

"सहा जानेवारी."

"अहो बाई, माझ्या हृदयात डोकवायला सांगितलं कोणी तुम्हाला?"

"तुम्हीच. कागदावर लिहिलंय, आग्रहाने मागितली."

हृदयाला काही झालं नव्हतं म्हणा. ते कळायलाच यंदाचे पहिले नऊशे गेले, माझे. बचत खातं खडखडीत रिकामं, आणि ते भरायलाही सरकारची वार्षिक मर्यादा. लवॉनने जुना डबा माळ्यावर टाकला, नवा पुसून ठेवला. गुडघा आहे तिथेच आहे, जिना चढताना अजून शिव्या देतो.

डाव त्यांचा, मान्य. पण यंदा मी मचाणावर फेब्रुवारीतच चढणार आहे, म्हणजे पुढचे दहा महिने डाव माझा. हरणांचा हंगाम नसतो तेव्हा... नसू दे.